टंचाईच्या नावानं चांगभलं

वसई-विरारमध्ये मानसिक आरोग्यावर चार माणसं बोलायला बसली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. चर्चच्या सभागृहात येतो, ज्येष्ठ नागरिक संघात येतो, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, कॉलेजात व्याख्यान ठेवलं तर आभारप्रदर्शनातसुद्धा येतो. तो असा: २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती १२ लाखांवर होती, आता ती कुठल्या कुठे गेली. मनाचे आजार घरोघरी आहेत आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधून सापडत नाही. मग एम.ए.नंतर आणखी दोन वर्षं रुग्णालयात राबा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवा, हे सोवळं हवंय कशाला? ज्याला ऐकून घेता येतं, ज्याचा स्वभाव चांगला आहे, त्याला तीन महिन्यांचा कोर्स द्या आणि बसवा खुर्चीवर. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं.

असं बोलणारी माणसं वाईट नसतात. बरीचशी तर स्वतःच्या खिशाला खार लावून समाजकार्य करणारी असतात. म्हणून या म्हणण्याला 'अज्ञान' म्हणून उडवून न लावता त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं' हे तत्त्व आपल्या शहरानं एकदा वापरून पाहिलेलं आहे. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत बोगस डॉक्टर बोकाळले ते कशामुळे? खरे डॉक्टर पुरेसे नव्हते म्हणून. रात्री अकराला तापानं फणफणलेल्या पोराला सुई देणारा, थोडक्या पैशांत भागवणारा, आपल्या मुलखाची बोली बोलणारा माणूस लोकांना देवमाणूसच वाटणार. पालिकेनं अशांवर गुन्हे नोंदवले, दवाखान्यांना टाळं लावलं, तेव्हा त्यांच्या बाजूनंही हेच म्हणता आलं असतं की डॉक्टरांची टंचाई आहे, राहू द्या. वसईकरांनी तसं म्हटलं नाही, कारवाई कमी पडते म्हणून ओरड केली. शरीराच्या बाबतीत आपल्याला जे एका क्षणात कळतं, ते मनाच्या बाबतीत कळायला व्याख्यानमाला का लागावी?

कायद्याचं म्हणाल तर तोही या बाबतीत ढिला आहे. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणी नसताना जो पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करील त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलं आहे. हजार रुपये! एवढे तर काही ठिकाणी पहिल्याच 'सेशन'चे घेतात. शिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलं तर निदान हा कायदा आडवा येऊ शकतो. 'काउन्सेलर', 'माइंड कोच', 'सबकॉन्शस एक्स्पर्ट' असं लिहिलं की रान मोकळं. समुपदेशकांना कायद्याच्या कक्षेत आणणारा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा २०२१ मध्ये झाला खरा, पण रस्त्यावरच्या पाटीपर्यंत तो पोचल्याचं काही दिसत नाही. एकाच पाटीवर समुपदेशन, स्मरणशक्तीवर्धन आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारी 'डीएमआयटी' चाचणी, अशी भेळ मी स्टेशनाजवळ पाहिली आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार कळतो याला शास्त्रीय आधार नाही. असो. त्या पाटीवर लिहायला लागले तर दुसरा लेख होईल.

आता 'चांगला स्वभाव पुरतो' या मुद्द्याकडे वळू. ऐकून घेणाऱ्या माणसांची वसईत कधी वाण नव्हती. फादरांपुढे कन्फेशनला बसणारी आजी आहे, जीवदानीच्या पायऱ्या चढताना मैत्रिणीजवळ मन मोकळं करणारी सून आहे, बंदरावर जाळी विणता विणता भावाला समजावणारा कोळी आहे. या सगळ्याचा माणसाला आधार होतो आणि त्याच्यासाठी कोणाचा परवाना लागू नये. पण ज्याच्यापुढे आपण पैसे मोजून, 'हा जाणकार आहे' अशा विश्वासानं बसतो, त्याच्याकडून वेगळं काहीतरी अपेक्षित असतं. समोर आलेलं दुखणं नेमकं कशाचं आहे आणि कशाचं नाही, हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

सातवीतल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. तक्रार अशी की वर्गात लक्ष नाही. बाई बोलत असताना मध्येच कुठेतरी हरवतो, वहीत अर्धं वाक्य लिहून थांबतो. आईला वाटतं मोबाइल, वडिलांना वाटतं आळस. चांगल्या स्वभावाचा समुपदेशक त्याला प्रेमानं जवळ बसवील, एकाग्रतेचे व्यायाम देईल, आईवडिलांना 'रागावू नका' म्हणून सांगेल. सगळं मनापासून. प्रशिक्षित माणूस आधी विचारील: हरवतो तेव्हा किती वेळ? काही सेकंदच? हाक मारली तर लगेच भानावर येतो की नाही? पापण्या फडफडतात का? बोलता बोलता वाक्य तुटतं आणि मग जिथून तुटलं तिथून पुढे चालू होतं का? लहानपणी तापात झटका आला होता का? घरात कोणाला फिट येतात का? ही उत्तरं एका विशिष्ट दिशेनं जायला लागली की तो एकाग्रतेचा विषय बाजूला ठेवतो आणि मुलाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, कारण काही सेकंदांच्या शून्यपणानं दिसणारी अपस्माराची एक जात असते आणि तिला औषध असतं. प्रेमळ माणसाकडे याच मुलाचं वर्ष व्यायाम करण्यात जाईल, आणि 'सगळे उपाय करून झाले' हा शिक्का वर बसेल.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. आत्महत्येचा विचार मनात असलेला माणूस समोर बसतो तेव्हा तो तसं सांगतोच असं नाही. 'कंटाळा आलाय', 'माझं ओझं झालंय सगळ्यांना' एवढंच म्हणतो. अप्रशिक्षित माणूस तिथे विषय बदलतो. त्याला वाटतं, आपण विचारलं आणि याच्या डोक्यात नसलेलं आलं तर? म्हणून तो जगण्याच्या सुंदरतेवर बोलायला लागतो. शिकलेला माणूस सरळ विचारतो की जीव द्यावा असं वाटतं का, कसा द्यायचा हे ठरवलंय का, घरात कीटकनाशक, गोळ्या असं काही आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का. विचारल्यानं विचार रुजत नाही, हे संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. पण पुस्तकात वाचून हे तोंडातून निघत नाही. आवाज न कापता, घाईनं सल्ला न देता हा प्रश्न विचारायला यावा यासाठी तो कोणाच्या तरी देखरेखीखाली पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. आणि 'हो' असं उत्तर आल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत काय करायचं, हे तर त्याहून कसून शिकावं लागतं.

प्रशिक्षण म्हणतात ते यालाच. दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाड पुस्तकं येतात. पुस्तकं असतातच, पण त्यांच्यापायी कोणी रडत नाही. रडू येतं ते केस मांडताना. शिकाऊ मुलगी दीड-दोन तास रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलून हकीकत लिहून आणते. तिला वाटतं, काही सुटलेलं नाही. वरिष्ठ शांतपणे विचारतात: दुखणं नवऱ्यानं सांगितलं की तिनं स्वतः? झोप लागत नाही म्हणजे उशिरा लागते की पहाटे तुटते? दारूचं विचारलंस, तंबाखूच्या मिशरीचं विचारलंस का? बाळंतपण कधीचं? जन्मल्यावर मूल लगेच रडलं का? थायरॉइड तपासलंय? आणि ती बोलत होती तेव्हा तिची सासू कुठे बसली होती? त्या शेवटच्या प्रश्नावर मुलगी गप्प होते. मग पुन्हा वॉर्डात जायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा लिहायचं. असं महिनोन्‌महिने. तीन महिन्यांच्या शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये तिला हे कोण विचारणार? तिथे विचारणाराही त्याच कोर्समधून बाहेर पडलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चाचण्यांचीही तीच कथा. मुलांची बुद्धी मोजण्याची 'बिने-कामत' चाचणी आपल्याकडे अजून चालते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूप सिद्ध केलं, ते काम आपल्या प्रदेशातल्या मानसशास्त्राचं भूषण आहे. नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, तीही अनेक ठिकाणी वापरात आहे. पण कामतांच्या काळातलं मूल आणि आजचं विरार पश्चिमेच्या टॉवरमधलं मूल, किंवा विक्रमगडच्या पाड्यावरून आश्रमशाळेत आलेलं वारली मूल, यांना एकाच पट्टीनं मोजताना काय सांभाळायचं हे चाचणीच्या पेटीत लिहिलेलं नसतं. मूल उत्तर देत नाही ते येत नाही म्हणून, की प्रश्नाची भाषा घरची नाही म्हणून, की सकाळपासून उपाशी आहे म्हणून? पेटी विकत घेणं सोपं आहे. तिच्यातून निघालेला आकडा मात्र मुलाच्या दप्तरात वर्षानुवर्षं राहतो. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडचे आईबाप मुलाची शाळा आणि स्वतःची रजा बुडवून मुंबईच्या सरकारी नि पालिका रुग्णालयांत खेपा घालतात, कारण दहावीच्या सवलती त्या कागदावर अवलंबून असतात. त्यांची ही ओढाताण खरी आहे. पण ती कमी करायची म्हणून कोणीही आकडा काढून द्यायचा ठरवलं, तर त्या आकड्याला किंमत उरत नाही आणि ज्या मुलाला खरोखर सवलतीची गरज आहे त्याच्याच कागदाकडे बोर्ड संशयानं बघायला लागतं.

आता सगळ्यात तगडा मुद्दा. अलीकडे या युक्तिवादाचे पुरस्कर्ते वाचून येतात, ही चांगली गोष्ट आहे. ते गोव्याचं उदाहरण देतात. 'संगत' या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं, नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला आणि 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकानं २०१० साली आणि पुन्हा २०१७ साली ते छापलं. मग आमच्या तीन महिन्यांच्या कोर्सला नावं का ठेवता?

नावं ठेवायची ती याचसाठी की गोव्यात नेमकं काय केलं हे पूर्ण वाचलेलं नाही. २०१७ च्या प्रयोगात तिथल्या समुपदेशकाचं काम आखीव होतं, ठरावीक आजारासाठी ठरावीक पद्धत, सहा ते आठ भेटींत. नैराश्य ओळखायची जबाबदारी त्याच्या अंदाजावर सोडलेली नव्हती, त्यासाठी ठरलेली प्रश्नावली होती. वर्गातल्या शिकवणीनंतर प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काही महिन्यांची उमेदवारी होती आणि त्यात जे उतरले त्यांनाच पुढे घेतलं गेलं. भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं. दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या ध्वनिफिती ऐकायचे, त्यांना गुण द्यायचे. अवघड रुग्ण वर पाठवायची वाट आखलेली होती. म्हणजे साध्या माणसाला हे काम जमलं ते त्याच्या पाठीशी अनुभवी माणसांची देखरेख सतत उभी होती म्हणून. आपल्याकडच्या किती संस्था आपल्या विद्यार्थ्यांची एक तरी ध्वनिफीत ऐकतात? गोव्याचं नाव घ्यायचं तर गोव्याची शिस्तही घ्या. अशी देखरेख ठाण्यातही पाहायला मिळते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत कितीतरी स्वयंसेवक काम करतात, पण मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या छत्राखाली. स्वयंसेवकाचं मोल त्यानं कमी होत नाही.

एवढं बोलल्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणंही लक्षात घ्यायला हवं, कारण त्यांच्या रागाला कारण आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं (२०१५-१६) दाखवलं की उपचाराची गरज असूनही तो न मिळणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के आहे. (ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण बरे असू अशी आशा करायला तेवढीच जागा.) बेंगळुरूच्या ज्या संस्थेला आज निम्हान्स म्हणतात, तिथे १९५० च्या दशकात क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण सुरू झालं. त्यानंतर इतकी दशकं उलटूनही सरकारी संस्थांतल्या जागा मोजक्या आणि खासगी विद्यापीठांतलं शुल्क लाखांच्या घरात. त्यात धोरणाचा घोळ. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं २०१७ साली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना दोन वर्षांच्या एम.फिल.चं नाव घेतलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल.च मोडीत काढलं. यूजीसीनं २०२३ च्या डिसेंबरात विद्यापीठांना प्रवेश थांबवायला बजावलं आणि मग या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आले, त्यांची घडी बसायची आहे. या गोंधळात ज्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली त्यांनी पुनर्वास परिषदेला दोष दिला तर मी त्यांच्या आड येणार नाही.

आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्र दूरस्थ नि ऑनलाइन शिकवायला बंदी केली. वसई-विरारमधल्या किती बायका इग्नूची पुस्तकं घेऊन, पोरांचे डबे आणि नोकरी सांभाळून एम.ए. करत होत्या, ते या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. विरारहून कलिन्याला किंवा चर्चगेटला रोज जाऊन शिकायचं म्हणजे काय, हे सकाळच्या लोकलच्या दारात लटकणाऱ्यालाच ठाऊक. त्यांचं दार लावलं गेलं, हे दुःख खरं. पण त्यावरून 'आता आमचे छोटे कोर्सच चालू द्या' अशी मागणी निघते तेव्हा ती आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी होते. दूरस्थ पदवीनं त्यांना विषय दिला, सराव दिला नाही. तिच्यातही प्रात्यक्षिक होतं, इंटर्नशिप होती, पण ती कुठे आणि कोणाच्या हाताखाली करायची हे बहुतेकींना ओळखीपाळखीनं जुळवावं लागायचं. तेव्हा भांडायचं असेल तर रुग्णालय जवळ आणण्यासाठी भांडा.

कारण मूळ अडचण अंतराची आहे. आपला पालघर २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला. मनोरुग्णालय राहिलं ठाण्यात, १९०१ पासून जिथे आहे तिथेच. विरारहून तिथे जायचं तर घोडबंदरच्या कोंडीत तरी अडका, नाहीतर वसई रोडहून दिव्याच्या मोजक्या गाड्यांची वेळ गाठा. रुग्णाची जी फरफट, तीच शिकणाऱ्याची. आणि शिकून बाहेर गेलेला परत येत नाही. आलाच तर त्याला अर्नाळ्याच्या कोळणीचं, निर्मळच्या सामवेदी आजीचं, जव्हारच्या वारली बापाचं आणि आचोळ्यातल्या भोजपुरी सुनेचं दुखणं पुन्हा शून्यापासून ऐकायला शिकावं लागतं. इथल्याच मुलामुलींना इथल्याच रुग्णांवर शिकू दिलं तर तेवढं तरी वाचेल.

त्याला फार मोठी इमारत लागत नाही. वसईचं डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, तुळींजचं रुग्णालय आहे, दोन्ही पालिकेची. तिथे मान्यताप्राप्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची कायम पदं भरावीत, त्यांनी शिकवण्याला वेळ देणं हा कामाचाच भाग धरावा, मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रशिक्षण केंद्राशी करार करून शिकाऊ उमेदवारांच्या फेऱ्या इथे लावाव्यात आणि त्यांना पोट भरेल एवढं विद्यावेतन द्यावं. विद्यावेतनाशिवाय हा अभ्यास म्हणजे फक्त ज्यांच्या बापाला परवडतं त्यांचा, हा आरोप शंभर टक्के बरोबर आहे. तीन महिन्यांचे कोर्स काढणाऱ्या संस्थांनाही काम आहे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आधारगटाचे, घरभेटीचे, रुग्णाला टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक लावून देण्याचे कार्यकर्ते म्हणून तयार करावं, तेवढंच प्रमाणपत्रावर छापावं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा माणूस नेमावा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला निर्देश दिले की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याचं मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्यातलं प्रशिक्षण दाखवता येण्यासारखं असावं. वसई-विरारमधली जवळजवळ प्रत्येक शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि बरेचसे क्लासेस या हिशेबात बसतात. म्हणजे येत्या काळात इथे शेकड्यांनी नेमणुका होणार, आणि टंचाईचा युक्तिवाद सर्वांत आधी संस्थाचालकांच्या तोंडी ऐकू येणार: माणूस मिळत नाही हो, तपासणीपुरतं कोणालातरी दाखवून टाकू. पालकसभेत उठून विचारायला हरकत नाही की नेमलेल्या माणसानं आजवर किती केसेस कोणाच्या देखरेखीखाली पाहिल्या, आणि आजही एखादी केस अडली तर तो फोन कोणाला करतो.